गालावरचा ठिपका आणि उरलेली बाटली

पेन्सिलरावांच्या बोटावरची चामखीळ गेली आणि त्या दिवसापासून ते अर्धे डॉक्टर झाले. उरलेले अर्धे होण्यासाठी त्यांना फक्त एक रोगी हवा होता, आणि रोगी शोधायला लांब जावं लागलं नाही. बायको घरातच होती.

ही चामखीळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, पेन्सिल टेकते नेमकी तिथे, दोन वर्षं ठाण मांडून होती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक लहानशी बाटली दिली. रोज एक थेंब, आजूबाजूच्या चांगल्या कातडीला मलम फासून. तीन आठवड्यांत चामखीळ खपलीसारखी गळून पडली आणि बाटली अर्धी उरली. उरलेली वस्तू टाकून देणं पेन्सिलरावांना कधी जमलंच नव्हतं. त्यांच्या कपाटात उरलेले स्क्रू होते, उरलेला गोंद होता, तिथेच ही बाटलीही जाऊन बसली.

पेन्सिलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता उरली नव्हती, तेव्हा ते राहू दे. चौतीस वर्षं त्यांनी एका फोटो स्टुडिओत टचिंगचं काम केलं. मोबाइलमधले फोटो आपोआप गोरे व्हायच्या आधीचा तो काळ. काचेखाली दिवा लावायचा, वर निगेटिव्ह ठेवायची, एक चिकट औषध पुसटसं फासायचं आणि सुईसारख्या टोकदार पेन्सिलीने माणसाच्या चेहऱ्यावरचे दोष भरून काढायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गालावरचा काळा डाग तिथे स्वच्छ भोकासारखा दिसतो. त्यात पेन्सिलीचा करडा रंग भरला की फोटोत डाग नाहीसा. अशा हजारो चेहऱ्यांवरून पेन्सिलरावांचा हात फिरला होता. गावातल्या निम्म्या लोकांना आपला चेहरा जेवढा चांगला वाटत होता, तेवढा तो नव्हता, आणि हे फक्त पेन्सिलरावांना ठाऊक होतं.

स्टुडिओच्या मालकांनी पहिल्याच दिवशी त्यांना नियम सांगितला होता. "तीळ विचारून, चामखीळ न विचारता. तीळ माणसाचा स्वतःचा असतो, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. चामखीळ कुणालाच नको असते, ती सरळ उडवायची." मग पेन्सिलरावांनी विचारलं होतं, की निगेटिव्हवर दोन्ही सारखेच दिसतात, ओळखायचं कसं? मालक म्हणाले, "सावली बघ. जिची सावली पडते ती चामखीळ. ज्याची पडत नाही तो तीळ."

एवढ्या एका वाक्यावर पेन्सिलरावांनी चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावरही ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

त्यांच्या बायकोला सगळे हॅलोबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने उभी हयात काढली होती. एका सकाळी ती खिडकीपाशी पेपर वाचत बसली होती आणि बाजूने ऊन येत होतं. पेन्सिलरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, हलू नकोस."

"का? पाल आहे?"

"तुझ्या गालावर काहीतरी आहे. कानाजवळ. सावली पडतेय त्याची."

"तीळ आहे तो," हॅलोबाई पान उलटत म्हणाली. "जन्मापासून आहे."

"जन्मापासून?" पेन्सिलराव चष्मा घालून जवळ आले. "तुझ्या गालावर तीळ कधी होता?"

"अहो, संसार कुणाबरोबर केलात इतकी वर्षं?"

पेन्सिलरावांनी डोळे मिटून बायकोचा चेहरा आठवला. कपाळ आलं, नाक आलं, गाल आले. गाल अगदी स्वच्छ. मग डोळे उघडले, तर समोरच्या गालावर तपकिरी-काळा, जरासा फुगीर ठिपका. मिटले की नाही, उघडले की आहे. त्यांनी दोन-तीनदा करून बघितलं, तेव्हा हॅलोबाई म्हणाली, "डोळ्यांत काही गेलंय का?"

पुराव्याशिवाय बोलणाऱ्यातले पेन्सिलराव नव्हते. त्यांनी कपाटातून अल्बम काढला आणि बायकोच्या मांडीवर ठेवला. नोकरीला लागतानाचा ओळखपत्राचा फोटो. लग्नाचा. मुलीला कडेवर घेतलेला. मुलीच्या शाळेच्या बक्षीस समारंभातला. पंचविसाव्या वाढदिवसाचा, म्हणजे लग्नाच्या. एकाही फोटोत ठिपका नव्हता.

"आता बोल," पेन्सिलराव म्हणाले.

हॅलोबाईने अल्बम पुढून मागे आणि मागून पुढे चाळला. मग उठून आरशात बघितलं. परत येऊन अल्बम बघितला. "मला वाटत होतं की आहे," ती हळूच म्हणाली. "आता मलाच कळेना."

तिने मोठ्या बहिणीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "तुला तीळ? तुला कुठला? तीळ मला होता, हनुवटीवर. की तो आत्याला होता? थांब, आत्याला मानेवर होता. मग हनुवटीवर कुणाला होता गं?" अर्धा तास बोलणं झालं आणि शेवटी घराण्यातले सगळे तीळ एकमेकांच्या जागा बदलून बसले. फोन ठेवताना हॅलोबाईला आपल्या दोन्ही गालांची खात्री उरली नव्हती.

पेन्सिलरावांचा हिशोब मात्र पक्का होता. फोटोत नाही, म्हणजे नवीन. सावली पडते, म्हणजे चामखीळ. आणि चामखिळीचं औषध तर घरातच, तेही उरलेलं! काडीला कापूस गुंडाळून त्यांनी त्याच दिवशी पहिला थेंब लावला.

"चुरचुरतंय हो," हॅलोबाई म्हणाली.

"चुरचुरलं म्हणजे लागू पडतंय."

चौथ्या दिवशी गाल लाल होऊन सुजला. ठिपक्याच्या जागी काळी खपली धरली होती आणि उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे दोन डाग पडले होते. पेन्सिलराव म्हणाले, आता गळेल. तेवढ्यात त्यांची मुलगी आली. ती जवळच राहायची आणि शाळेत शिकवायची, त्यामुळे आईबापांशीही ती वर्गातल्यासारखीच बोलत असे. तिने आईचा गाल बघितला, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि बापाकडे वळली.

"बाबा, यावर लिहिलंय की चेहऱ्यावर लावू नये. तिळावर लावू नये. वाचलंत?"

"तीळ नाहीच तो."

"कुणी सांगितलं?"

"फोटोंनी," पेन्सिलराव म्हणाले, आणि अल्बम काखेत मारूनच ते दोघींबरोबर दवाखान्यात गेले.

कातडीच्या डॉक्टरीणबाई वयाने मुलीएवढ्याच होत्या. दिवा असलेलं एक भिंग त्यांनी हॅलोबाईच्या गालाला टेकवलं, बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. "वरची कातडी भाजलीय. भिंगातून नुसता चिखल दिसतोय. हे काय लावलंत?"

पेन्सिलरावांनी बाटली पुढे केली आणि सावलीचा नियमही सांगितला. डॉक्टरीणबाईंनी तो शांतपणे ऐकला. मग म्हणाल्या, "काका, तुमचा हात बघू." मधल्या बोटावरची चामखीळ गेली होती, पण अंगठ्याच्या बाजूला तिची धाकटी बहीण उगवत होती. "ही चामखीळ. हात लावून बघा, खरखरीत आहे ना? आत काळे बारीक टिपके दिसताहेत, ते रक्ताचे. बोटावरच्या रेषा इथे येऊन तुटतात, बघा. ही संसर्गाने होते, एकीच्या चार होतात. तिळाचं तसं नसतं. तो बहुतेक वेळा गुळगुळीत, एकाच रंगाचा, वर्षानुवर्षं आहे तसाच राहतो. पण तीळ फुगीरही असू शकतो आणि चामखीळ सपाटही असते. सावलीवरून काही ठरत नाही."

"मग कशावरून ठरतं?" पेन्सिलरावांच्या आवाजातली हवा गेली होती.

"बदलावरून. तीळ वाढला, कड वेडीवाकडी झाली, एकात दोन-तीन रंग आले, खाज सुटली, रक्त आलं, की दाखवायचं. त्याला औषध लावायचं नाही, दोरा बांधायचा नाही, कापायचं तर मुळीच नाही. तो तीळ बिघडलेला असेल तर वरून जाळल्याने आत काय चाललंय तेच कळत नाही. तो कॅन्सरही असू शकतो." हा शब्द त्यांनी आवाज न चढवता उच्चारला. हॅलोबाईने मुलीचा हात धरला. "घाबरू नका. बहुतेक तिळांत काही नसतं. मला एवढंच सांगा, हा किती वर्षांचा? आधी केवढा होता?"

"जन्मापासून," हॅलोबाई म्हणाली.

"अगदी नवा," पेन्सिलराव म्हणाले.

"जुना फोटो आहे?"

पेन्सिलरावांनी विजयी मुद्रेने अल्बम उघडला. डॉक्टरीणबाई एकेक पान बघत गेल्या. पाचव्या पानावर थांबल्या. "काकू, तुम्हाला तारुण्यात एकही पुटकुळी आली नाही? बाळंतपणानंतर डोळ्यांखाली काळं झालं नाही? पन्नाशीतही एक सुरकुती नाही?"

मुलगी हसायला लागली, आणि हसता हसता तिचं हसू मध्येच थांबलं. "डॉक्टर," ती म्हणाली, "हे सगळे फोटो बाबांच्या हाताखालून गेलेत."

पेन्सिलराव अल्बमकडे बघत राहिले. टचिंग केलं होतं, हे त्यांना ठाऊक होतंच की. पुटकुळ्या पुसल्या, सुरकुत्या पुसल्या, हे आठवत होतं. पण तीळ? तीळ पुसल्याचं काही केल्या आठवेना. दिवसाला वीस चेहरे करणारा हात तो, त्याने काय काय केलं याची नोंद डोक्याकडे नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"परवा या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात न लावलेला एखादा फोटो शोधा. वर्षानुवर्षं असाच असेल तर भाजलेलं बरं होऊ देऊ आणि मग नीट बघू. बदलला असेल तर मी एक दिवसही थांबणार नाही, मुळासकट काढून तपासायला पाठवीन."

घरी येऊन तिघांनी घर पालथं घातलं. हात न लावलेला फोटो? पेन्सिलरावांच्या घरात? माळकऱ्याच्या घरात मासा सापडेल, पण तो सापडणार नाही. शाळेतल्या एका घोळक्याच्या फोटोत हॅलोबाई तिसऱ्या रांगेत होती, पण तिथे तिचा चेहराच मोहरीएवढा, त्यातला तीळ कुठून शोधणार? बहिणीकडच्या फोटोत ती दुसरीकडे बघत होती. दुपार टळत आली. मुलगी शाळेच्या वह्या तपासायला निघून गेली आणि पेन्सिलराव रिकाम्या खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसून राहिले.

त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती कॅन्सर या शब्दाची तर होतीच, पण तिच्या आड आणखी एक होती. आपण कुणाबरोबर राहिलो इतकी वर्षं?

मग त्यांना निगेटिव्ह आठवल्या. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी घरच्या निगेटिव्ह एका बिस्किटांच्या डब्यात घालून दिल्या होत्या. डबा उरलेल्या स्क्रूंच्या मागे होता. पेन्सिलरावांनी सगळ्यात जुनी निगेटिव्ह काढली, हॅलोबाईच्या ओळखपत्राची. तेव्हा ती त्यांची कुणीच नव्हती. एक्स्चेंजमधली नवी मुलगी होती, फोटो काढायला आली होती.

त्यांनी निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरली. कानाजवळ करड्या स्वल्पविरामांसारख्या बारीक रेघा होत्या. रेघांवरून त्यांनी आपला हात ओळखला. हात कुणाचा ते कळलं, पण त्या रेघांखाली काय आहे ते कळेना. पुटकुळी असेल, धूळ असेल, फिल्मवरचं छिद्र असेल. पेन्सिल पुसल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल पुसली जाते, हे त्यांना माहीत होतं. आणि एकदा पुसल्यावर तसं काम पुन्हा जमणार नाही हेही माहीत होतं, कारण आता हात कापत होता. आयुष्यातलं सगळ्यात सुरेख काम होतं ते. याच कामावर ते स्वतः भाळले होते.

हॅलोबाई गालाला थंड फडकं लावून शेजारी येऊन बसली.

"पुसताय?"

"पुसतो."

"एक सांगू?" ती म्हणाली. "अल्बम बघून माझाच गोंधळ उडाला होता, पण आता आठवलं. हा फोटो हातात पडला तेव्हा तीळ दिसला नाही. वाटलं, उजेडात आला नसेल. लग्नाच्या फोटोतही नव्हता. मग माझं मीच ठरवलं, की तुम्हाला तो आवडत नसणार. त्या बाजूला केस ओढून घ्यायची सवय लागली ती तेव्हापासून."

"मला तो दिसलाच नाही गं."

"तेच म्हणते मी," हॅलोबाई म्हणाली. "नावडला असता तरी चाललं असतं."

पेन्सिलरावांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी बोळा भिजवला, पिळला आणि निगेटिव्हवरच्या त्या गालावरून एकदाच फिरवला. करडा रंग बोळ्याला लागला. रेघा गेल्या. त्यांच्या जागी एक स्वच्छ, गोल, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होता.

भिंग लावून त्यांनी तो कितीदा बघितला कोण जाणे. धूळ असती तर कड कापल्यासारखी तीक्ष्ण दिसली असती. ही कड मऊ होती, कातडीत विरत जाणारी. तीळच होता. गोल होता. आणि बाजूने दिवा टाकून काढलेल्या त्या फोटोत नाकाची सावली होती, ओठांची होती, कानातल्या खड्याचीही होती. तिळाची नव्हती.

"सपाट होता," पेन्सिलराव म्हणाले. "आणि आता फुगलाय." मालकांच्या नियमाने रोग ओळखता येत नव्हता, हे खरं. पण तेव्हा सावली नव्हती आणि आता आहे, एवढं त्या नियमाने सांगितलं. पेन्सिलराव परवापर्यंत थांबले नाहीत. निगेटिव्ह रुमालात गुंडाळून, बायकोला घेऊन ते त्याच संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी निगेटिव्ह दिव्यावर धरली, भिंगातून बघितली आणि पट्टी घेऊन मोजमाप केलं. "काकू, तुमचंही बरोबर होतं आणि काकांचंही," त्या म्हणाल्या. "तीळ जुना. फुगणं नवं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो मुळासकट काढला.

अहवाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत पेन्सिलरावांनी घरातलं एकही भांडं जागेवर ठेवलं नाही. साखरेच्या डब्यात चहा पूड टाकली, चष्मा घालून चष्मा शोधला. हॅलोबाईच त्यांना समजावत होती, रोगी कोण ते कळायला मार्ग नव्हता.

तीळ बिघडायला लागला होता. पण बिघाड वरच्या वरच होता, खोल गेला नव्हता. कडेची थोडी कातडी आणखी एकदा काढावी लागली, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं ठरलं. "आणखी चार-सहा महिने थेंब लावत बसला असतात ना काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अंगठ्यावरच्या चामखिळीसाठी त्यांनी वेगळी चिठ्ठी लिहून दिली. उरलेली बाटली पेन्सिलरावांनी दवाखान्याच्याच कचऱ्याच्या पेटीत टाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उरलेली वस्तू टाकली.

हॅलोबाईचे टाके निघाले तेव्हा कानाजवळ बोटभर गुलाबी रेघ उरली होती. पेन्सिलराव रोज सकाळी खिडकीपाशी बसून ती रेघ बघत. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, वरच्या ओठावर लहानपणीच्या पडण्याची खूण आहे, हे त्यांना त्याच महिन्यात कळलं. हॅलोबाई म्हणे, "पुरे झालं हो, पेपर वाचू द्या." पण केस मात्र तिने कानामागे घेतले होते.

मग एक दिवस ते जुन्या मित्राच्या काळ्या खोलीत गेले आणि पुसलेल्या निगेटिव्हवरून एक फोटो छापून आणला. ओळखपत्राचा, एक्स्चेंजमधल्या नव्या मुलीचा. गालावर कानाजवळ तीळ. जन्मभर तो गालावर होता आणि फोटोत नव्हता. आता फोटोत होता आणि गालावर नव्हता.

त्यांनी फोटो तिच्या हातात दिला आणि निगेटिव्ह समोर ठेवून टेबलापाशी बसले. पेन्सिलीला कागदावर घासून टोक काढलं.

"काय करताय?" हॅलोबाईने विचारलं.

"विचारायचं राहून गेलं होतं," पेन्सिलराव म्हणाले. "तीळ ठेवू, की काढू?"

हॅलोबाईने फोटो उजेडाला धरला. मग त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि शब्दकोड्याचं पान उघडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "माझा आहे तो."